कुर्ल्याच्या फियाटचं शिल्प करताना

कुर्ल्यातल्या एका स्थानिक मंडळाने मला बोलावलं तेव्हा त्यांच्या डोक्यात शिल्प आधीच तयार होतं. प्रीमियर पद्मिनीची एक जुनी टॅक्सी शोधायची, काळी-पिवळी रंगवायची, चौथऱ्यावर चढवायची, रात्री वरून दिवा सोडायचा. मागणीत प्रेम होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून, वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली आणि त्यानंतर ‘एक तरी जपून ठेवा’ असं सगळीकडूनच ऐकू येत होतं. तरी मी त्यांना त्याच बैठकीत सांगितलं, की टॅक्सी सगळ्या मुंबईची आहे. ती उभी करायची तर सीएसएमटीबाहेर करा, दादरला करा, गिरगावात करा. कुर्ल्याचं स्वतःचं जे आहे ते वेगळं आहे. इथे ती गाडी बनत होती.

हे बोलायला सोपं आहे, शिल्पात आणायला अवघड. गाडी दाखवली की लोक ओळखतात. गाडी ‘बनणं’ कसं दाखवायचं?

थोडा इतिहास इथेच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन उभी करणाऱ्यांतले. देशात मोटार बनली पाहिजे हा ध्यास त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून घेतला होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनीही मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना मांडली होती. परक्या सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं बाहेर पडली. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली, १९६४ मध्ये ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात फियाटचं नाव उतरून प्रीमियरचं चढलं. १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. आज एलबीएस मार्गावरून जाताना त्या जागी टोलेजंग इमारती दिसतात. प्रीमियर रोड हे नाव राहिलंय, आणि त्या रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना ‘प्रीमियर’ म्हणजे काय विचारलं तर क्रिकेटच्या लीगचं नाव सांगतात.

मंडळाने मला एवढी सवलत दिली, की आधी कामगारांशी बोला, मग ठरवू. ते बोलणं ही माझ्या दृष्टीने या कामाची खरी सुरुवात. संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात आम्ही जमायचो. साठीच्या पुढचे, बहुतेक सत्तरीचे लोक. कुणी कोकणातून आलेले, कुणी साताऱ्याकडचे, कुणी उत्तर प्रदेशातून येऊन कुर्ल्यातच म्हातारे झालेले. मी त्यांना गाडीविषयी विचारायचे आणि ते मला खात्याविषयी सांगायचे. “मी प्रेस शॉपचा.” “मी बॉडीचा.” “मी पेंट शॉपला, तिथं धूळ चालत नाही.” आडनावाच्या आधी खातं यायचं. पाळी कोणती, भोंगा कधी व्हायचा, तिकीट नंबर काय, फोरमन कसा, कँटीनमध्ये कुठल्या वारी काय मिळायचं. एका काकांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिकीट नंबर विचारल्यावर त्यांनी तो फोन नंबरासारखा एका दमात सांगितला.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती त्यांच्या हातांची. हे लोक हाताने बोलतात. दरवाजा कसा बसवायचा हे सांगताना दोन्ही तळवे हवेत उभे राहतात, त्यांच्यात एक फट ठेवलेली असते आणि ती फट प्रत्येक वेळी तेवढीच असते. बॉडी शॉपच्या एका काकांना मी विचारलं, पत्र्यावरचा बारीक खड्डा डोळ्यांना दिसायचा का? ते म्हणाले, “डोळ्याला काय दिसतंय ताई? हात फिरवायचा.” आणि त्यांनी समोरच्या बाकावर हात फिरवून दाखवला. बोटांची टोकं नव्हे, पूर्ण तळवा, हलका, एकाच दिशेने, सुती हातमोजा घातल्याच्या थाटात. मोटारीच्या कारखान्यांत पत्रा असाच तपासतात. शंका आली तर वर तेलाचा दगड घासतात; उंच भागावर ओरखडे उठतात, खोल भाग कोरा राहतो, आणि खोट कुठे आहे ते कळतं. पण पहिला निवाडा हाताचा.

तिथे मला शिल्प सापडलं. गाडी तिच्या पत्र्यांमध्ये सुटी करायची: छत, बॉनेट, डिकी, चार दरवाजे, बाजूचे पत्रे. प्रत्येक पत्रा आपल्या जागेच्या जवळ, पण अजून बसलेला नाही. आणि जिथे तो धरला जायचा, उचलला जायचा, तपासला जायचा, तिथे हात. हात खऱ्या कामगारांचे, त्यांच्या हातांवरून साचा घेऊन ब्राँझमध्ये ओतलेले. रस्त्यावरून, एका ठरावीक कोपऱ्यातून पाहिलं की सगळे पत्रे एकमेकांत मिसळून पद्मिनीची बाह्यरेषा उभी राहावी: गोल हेडलाइट, सपाट छत, मागचे छोटे पंख. जवळ गेलं की ती उलगडावी आणि हात दिसावेत. लांबून गाडी, जवळून कारखाना.

जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना ग्रंथालयात मी दिएगो रिव्हेराच्या डेट्रॉइटच्या भित्तिचित्रांची छायाचित्रं पाहिली होती. १९३२-३३ मध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यावर केलेलं ते प्रचंड काम. भिंतीच्या भिंती कामगार, यंत्रं, भट्ट्या, इंजिनं यांनी भरलेल्या, आणि पूर्ण झालेली गाडी एका कोपऱ्यात इवलीशी. मला तेव्हाच ते पटलं होतं. डेट्रॉइटच्याच हार्ट प्लाझामध्ये २००३ मध्ये कामगारांसाठी पोलादाच्या दोन कमानींचं ६३ फूट उंच शिल्प उभं केलंय. त्यात तर गाडी नाहीच. आपल्याकडे चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉय चौधरींचं श्रमाचं शिल्प १९५९ पासून आहे, चार माणसं एक धोंडा हलवताहेत. अंगं ताणलेली, पाय रोवलेले. मंडळाच्या दुसऱ्या बैठकीत मी ही तिन्ही चित्रं दाखवली. चेन्नईचं सगळ्यांना आवडलं. पण “आमच्याकडे गाडी दिसलीच पाहिजे” यावर सगळे ठाम होते, आणि त्यांचं मला मान्य होतं. डेट्रॉइटला सांगायची गरज नाही की इथे मोटारी बनतात. कुर्ल्याला आहे.

मॅकेट, म्हणजे शिल्पाचा छोटा नमुना, मी दहास एक या प्रमाणात केलं. गाडी चार मीटरला थोडी कमी, म्हणजे मॅकेट हातभर लांब. शाडूत पत्रे केले, तारेच्या आर्मेचरवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, तोलून धरले, आणि शाळेतल्या त्याच वर्गात नेऊन ठेवलं. परीक्षा कलासंचालनालयाच्या समितीपुढे दिली असती तरी इतकी कडक झाली नसती. एक काका वाकून वाकून बघत होते. म्हणाले, “छत आधी येत नाही.” मला कळेना. त्यांनी सांगितलं, की जमिनीचा पत्रा आणि दोन्ही बाजू जिगवर, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, बसतात, वेल्डिंग होतं, मग छत वरून उतरतं. मी छत सगळ्यांत खाली, जवळजवळ बसलेलं दाखवलं होतं आणि बाजू दूर. त्यांच्या मते हे उलटं होतं. बाजू जवळ हव्यात, छत उंचावर हवं, दोघा जणांनी उचललेलं. बॉनेट आणि दरवाजे सगळ्यांत शेवटी, म्हणून सगळ्यांत दूर. म्हणजे कुठला पत्रा किती दूर, यातूनच कामाचा क्रम दिसू लागला. रचनेच्या सौंदर्यासाठी मी कितीही झगडले असते तरी एवढं चांगलं उत्तर मला मिळालं नसतं. आजही शिल्पाकडे बघताना मला त्या रचनेत त्यांचाच मेंदू दिसतो.

आता पत्रा कशाचा, हा प्रश्न. कामगारांचं म्हणणं, खऱ्या गाडीचा पत्रा वापरा. भावनेने मीही तिकडेच होते. पण गाडीचा पत्रा म्हणजे कोल्ड रोल्ड पोलाद, मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि मुंबईची हवा. जुन्या पद्मिनी बघायला मी सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे फिरले. कुर्ल्याच्याच गाड्या कुर्ल्यातच तोडायला आलेल्या, हे बघताना पोटात कसंतरी झालं. नोंदणी रद्द होऊन आलेल्या गाड्यांचे बहुतेक सांगाडे आधीच कापले गेले होते. जे मिळालं त्यात जमिनीचा पत्रा गेलेला, दरवाज्यांच्या खालच्या कडा बोटाने दाबल्या तर चुरा व्हायच्या, डिकीच्या खोबणीत गंजाचे थर. सुस्थितीतलं बॉनेट, एक छत आणि दोन दरवाजे हाती लागले. असा पत्रा रंग न देता उघड्यावर ठेवला तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याची जाळी होते, आणि रंग द्यायचा तर पुन्हा काळा-पिवळा की कोणता हा वाद.

मग मार्ग असा काढला. खरे पत्रे साचा म्हणून वापरायचे आणि त्यांच्यावरून स्टेनलेस स्टीलचे नवे ठोकायचे. स्टेनलेसमध्ये साधं ३०४ घरच्या भांड्यांना ठीक, पण समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त तोंड देतं. महाग आहे. मंडळाचा हिशेब बघणाऱ्या गृहस्थांनी दोन्हींच्या दरांतला फरक काढून माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, चौथऱ्याचा ग्रॅनाइट रद्द करा, साधा घोटीव काँक्रीट ठेवा, पण पत्रा ३१६ च. ते पटलं.

ठोकायला माणसं कुठून आणायची? कुर्ल्यात ती शोधावी लागत नाहीत. कारखाना बंद पडला तरी त्याच्याभोवती वाढलेली गॅरेजं, डेंटर, पेंटर, सुट्या भागांची दुकानं आजही तिथंच आहेत. माझ्या मते हाच त्या कारखान्याचा जिवंत वारसा आहे. दोन डेंटर आले. वयाने तरुण, पण त्यांचा उस्ताद फियाटवरच हात बसवून मोठा झालेला. डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), हातोडा, वाळूची पिशवी, लाकडी मोगरी. पहिल्या दिवशी त्यांनी स्टेनलेसवर दोन-चार ठोके मारले आणि माझ्याकडे बघितलं. साधा पत्रा ठोक्याला वाकतो, ताणतो, ऐकतो. स्टेनलेस ठोक्यागणिक कडक होत जातं. थोडं वळवलं की अडतं, मग तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. दोन मिलिमीटर जाडीत हे अंगमेहनतीचं काम. बॉनेटचा मधला फुगवटा आणि मागच्या पंखांची धार यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. धार एका पत्र्यात निघेना, म्हणून दोन तुकडे करून टिग वेल्डिंगने जोडले, आर्गॉन वायू आतल्या बाजूनेही सोडला, नाहीतर सांध्याच्या पाठीमागे काळं पडून तिथूनच गंज धरतो.

या काळात ते बॉडी शॉपचे काका जवळजवळ रोज कार्यशाळेत येऊन बसायचे. चहा घ्यायचे, काही बोलायचे नाहीत. पत्रा खाली उतरला की उठायचे आणि तळवा फिरवायचे. एखाद्या जागी हात थांबायचा. खडूने गोल करायचे आणि परत जाऊन बसायचे. डेंटरपैकी एकाने सुरुवातीला कुरकुर केली, कारण डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. मग त्याने स्वतः तेलाचा दगड घासला आणि ओरखड्यांच्या मधोमध कोरा ठिपका उमटला. त्यानंतर तो खडूचा गोल पडायची वाट बघायला लागला. जुन्या काळी छत आणि खांब यांचा सांधा शिशाच्या मिश्रधातूने भरून कानशीने तासत, हे काकांनी त्याला कानस धरून दाखवलं. कानशीची पकड, मनगटाची दिशा, दाब कुठे सोडायचा. मी बाजूला उभी राहून छायाचित्रं काढत होते, आणि शिल्पातला एक हात कोणता असावा हे मला तिथेच कळलं.

कडांचा प्रश्नही असाच सुटला. सार्वजनिक जागेत सुट्या पत्र्यांच्या कडा म्हणजे मुलांच्या बोटांना धोका. मी रबराची पट्टी लावायचा विचार करत होते. काकांनी विचारलं, “दरवाज्याला कड कुठं असते?” खरंच, गाडीच्या दरवाज्याला धारदार कड नसतेच. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. आम्ही सगळ्या कडा तशाच दुमडल्या. सुरक्षाही झाली आणि जवळून बघणाऱ्याला गाडी कशी जोडतात तेही दिसू लागलं.

आता हातांकडे येते. माझ्यासाठी हा या कामाचा गाभा.

जिवंत हाताचा साचा आल्जिनेटमध्ये घेतात. समुद्री शेवाळापासून काढलेली ही भुकटी, दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला वापरतात तीच. पाण्यात कालवली की काही मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. पाणी कोमट असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. सत्तरीतल्या माणसाचा हात स्थिर राहण्याची वेळ आणि आल्जिनेट धरण्याची वेळ यांचा मेळ घालायचा होता. मी बर्फाचं पाणी वापरून वेळ थोडा वाढवला, म्हणजे हाताने पकड नीट घेतल्यावरच मिश्रण आवळायला लागेल. हात रिकामा नको होता. प्रत्येकाच्या हातात खऱ्या पद्मिनीच्या पत्र्याचा कापलेला, कड घासलेला तुकडा दिला आणि सांगितलं, ‘धरा.’ कसं धरा ते सांगितलं नाही. छत उचलणाऱ्याने खालून चार बोटं आणि वरून अंगठा असं धरलं. दरवाजा बसवणाऱ्याने कडेला फक्त बोटांची टोकं लावली, कारण पकड घट्ट केली तर दरवाजा सरकवता येत नाही. पेंट शॉपच्या काकांनी तुकड्याला हातच लावला नाही. म्हणाले, “रंगाच्या आधी पत्र्याला उघडा हात लागला तर डाग येतो, फडकं द्या.” त्यांचा हात फडक्यासकट घेतला. फडक्याच्या चुण्या ब्राँझमध्ये अशा काही उतरल्या आहेत की लोक आधी तिथेच बोट लावून बघतात.

एका काकांच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपते. तरुणपणी, प्रीमियरमध्ये लागायच्या आधी, एका छोट्या वर्कशॉपमध्ये ती गेली. ते साचा द्यायला तयार होते, पण मंडळातल्या एका सदस्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं, की बोट नंतर मेणात पूर्ण करता येईल, लोकांना बघायला बरं वाटणार नाही. तांत्रिकदृष्ट्या ते सहज शक्य होतं; मेणात बोट जोडायला दहा मिनिटं लागत नाहीत. मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, “ह्याच बोटानं तीस वर्षं काम केलंय. दुसरं कुणाचं बोट लावताय?” विषय तिथे संपला. शिल्पात तो हात सर्वांत पुढे आहे, बॉनेटच्या बिजागरीपाशी.

अजून एक प्रसंग सांगते, कारण त्यात मला निर्णय घ्यावा लागला आणि तो सोपा नव्हता. एका कामगाराच्या पत्नी आल्या. यजमान काही वर्षांपूर्वी गेलेले. त्यांनी विचारलं, मुलाचे हात हुबेहूब वडिलांसारखे आहेत, त्याचा साचा घेता का? मुलगा सोबत होता, हातही खरोखर तसेच दणकट. मी नाही म्हटलं. त्या हातांनी ते काम केलेलं नव्हतं, आणि या शिल्पात साम्य पुरेसं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं. पण पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या आणि यजमानांची जुनी पक्कड घेऊन आल्या. दांड्यांवर अंगठ्याच्या जागी लोखंड झिजून खळगा पडला होता. तो खळगा त्यांच्याच हाताने पाडलेला. त्या पकडीचा साचा घेऊन ती ब्राँझमध्ये ओतली, डाव्या दरवाज्याच्या आतल्या कप्प्यात आहे. वाकल्याशिवाय दिसत नाही.

आल्जिनेटच्या साच्यात प्लास्टर ओतलं, त्यावरून सिलिकॉन रबराचा टिकाऊ साचा, त्यातून पोकळ मेणाचा हात. मेणाला ओतकामाच्या नळ्या जोडल्या, मग सिरॅमिकच्या पातळ मिश्रणात बुडवून वर बारीक वाळू, वाळवणं, पुन्हा बुडवणं, असे थर चढवत जाड कवच. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू जातो. धातू आम्ही गनमेटल घेतलं: ८५ टक्के तांबं, उरलेले कथील, शिसं आणि जस्त पाच-पाच टक्के. ओतशाळेत ओतायच्या दिवशी चार कामगार मुद्दाम आले होते. मूस उचलली आणि पिवळसर पांढरा रस कवचात उतरला, तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. कवचं फोडल्यावर मात्र प्रत्येकाने आपला हात ताबडतोब ओळखला. दरवाजावाल्या काकांनी आपला हात ब्राँझच्या हाताला लावून बघितला आणि म्हणाले, “जरा लहान झालाय.” बरोबर होतं. मेण आणि धातू थंड होताना आकसतात, शंभराला दोन-तीन इतकं. डोळ्यांना न दिसणारा तो फरक त्यांच्या तळव्याला कळला. वेल्डिंग करणाऱ्या काकांच्या मनगटावर ठिणग्यांनी पडलेले बारीक डाग होते, तेही सगळे आले.

ब्राँझला रसायन लावून काळपट छटा देतात, ती आम्ही हाताच्या मागच्या बाजूला आणि मनगटाला दिली. बोटं तशीच ठेवली. लोकांनी हात लावावा अशीच इच्छा होती. लोकांच्या स्पर्शाने ती उजळच राहतात.

परवानग्यांच्या पायऱ्या होत्या त्या होत्याच: जागेची, वाहतुकीची, रचनेच्या मजबुतीच्या दाखल्याची. त्यातलं सांगण्यासारखं म्हणजे इंजिनिअरचं काम. उंचावरचं छत म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या हिशेबाने आतली नळ्यांची चौकट वाढवावी लागली आणि ती लपवायला मला बाजूच्या पत्र्यांचा आतला भाग बदलावा लागला. दुसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठचं कुर्ला बुडालं, हे इथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. चौथरा उंच केला असता तर हात लोकांच्या हाताला लागले नसते. म्हणून चौथरा बैठाच ठेवला, पण प्रत्येक पोकळ भागाला खाली पाणी निचरायची भोकं दिली आणि ब्राँझ व स्टेनलेस जिथे भेटतात तिथे नायलॉनचे वॉशर घातले. दोन धातूंत खारं पाणी साचलं की एक धातू दुसऱ्याला खातो.

फलकावर काय लिहायचं यावर सर्वांत मोठा वाद झाला. उद्घाटकांची नावं मोठी आणि बाकी मजकूर बारीक, अशी पद्धत आहे. मी मंडळाला विनंती केली की फलक कारखान्याचा असू दे. वालचंदांचं नाव असावंच. १९४४, १९४७ असावेत. डॉज, फियाट, पद्मिनी असाव्यात. आणि मग खाती: प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, इंजिन, ट्रिम, असेंब्ली, टूल रूम, स्टोअर, कँटीन, गेट. युनियनचा उल्लेख करावा का, यावर कुजबुज झाली. या कारखान्यातल्या प्रोत्साहन भत्त्याच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिलेला निकाल कामगार कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व ज्या इंजिनिअरिंग कारखान्यांतून पुढे आलं त्यांत हा एक. ते गाळून कुर्ल्याच्या मोटारीचा इतिहास सांगणं मला खोटं वाटत होतं आणि मी तसं स्पष्ट बोलले. शेवटी एक ओळ आली. ती यावी म्हणून ज्यांनी हात वर केले त्यांत मॅनेजमेंटकडून निवृत्त झालेले एक गृहस्थही होते.

बसवायचं काम रात्री झालं, कारण दिवसा त्या रस्त्यावर हायड्रा क्रेन उभी करणं अशक्य. पायातले बोल्ट, त्यांवर चौकट, लेव्हल, मग न आकसणारं ग्राउट. पत्रे एकेक करून चढवले, आणि कामगारांनी सांगितलेल्या क्रमानेच: आधी बाजू, मग छत, शेवटी दरवाजे. पुढच्या उजव्या दरवाज्याची फट वर आणि खाली सारखी येत नव्हती. इंजिनिअर म्हणाले, दोन-चार मिलिमीटरचा फरक कुणाला दिसणार? दरवाजावाले काका तोवर पाना घेऊन वर चढले होते. बिजागरीच्या बोल्टखाली वॉशर घालत, काढत, खांद्याने दरवाजा किंचित उचलत त्यांनी तो बसवला, बोटाने फट वरून खालपर्यंत मोजली आणि मगच खाली उतरले.

रंगाचा आग्रह धरणारे आता काय म्हणतात हे मला अनेक जण विचारतात. त्यांच्यापैकी एक टॅक्सीचालक होते, आयुष्यभर पद्मिनी चालवलेले. उद्घाटनानंतर ते शिल्पाभोवती बराच वेळ फिरले. मग त्या पेंट शॉपच्या काकांशी त्यांची ओळख करून दिली. दोघांचं बोलणं मी शेजारी उभी राहून ऐकलं. चालकांनी विचारलं, गाडी तुमच्याकडून बाहेर पडताना कुठल्या रंगाची असायची? टॅक्सीचा रंग नंतर बाहेर चढायचा का? काकांनी प्राइमरपासून सुरुवात केली. ते संभाषण संपेपर्यंत बाकीचे लोक घरी गेले होते.

एक पावसाळा आता होऊन गेलाय. पत्र्यांवर दोन ठिकाणी चहासारखे डाग उठले आहेत, दोन्ही वेल्डिंगच्या सांध्यांजवळ, पाऊस थेट पोहोचत नाही अशा आतल्या बाजूला. तिथे धूळ आणि खारटपणा धुऊन निघत नाही. सायट्रिक आम्लाची पेस्ट लावून, घासून, भरपूर पाण्याने धुवायचं, म्हणजे पृष्ठभागावरचा संरक्षक थर पुन्हा तयार होतो. मंडळाला मी देखभालीचा कागद करून दिलाय: दर महिन्याला गोड्या पाण्याने धुलाई, पावसाळ्याआधी आणि नंतर बोल्टची तपासणी, निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करणं, ब्राँझच्या मनगटांवर वर्षातून एकदा मेण. धुलाईचं काम त्या दोन डेंटरांनी मागून घेतलंय. पुढच्या रविवारी डाग काढायला आम्ही सगळे जमतोय, आणि बॉडी शॉपच्या काकांनी कळवलंय की खडू ते घेऊन येतील.